संत्र्याच्या शिरा आणि आपल्या रक्तवाहिन्या

सासूबाई संत्री सोलायला बसल्या की ते काम अर्धा-पाऊण तास चाले. आधी साल उतरवायची, मग फोडी सुट्या करायच्या आणि प्रत्येक फोडीवरच्या पांढऱ्या शिरा अंगठ्याच्या नखाने एकेक करून ओढून काढायच्या. शेवटी पापुद्रा चिरून बिया काढल्या की ती फोड लख्ख दिसे आणि मग नातवंडांच्या ताटलीत जाई. शिरा पोटात गेल्या तर बाधतात, असे त्यांचे ठाम मत होते. मी समोर बसून वर्तमानपत्रावर साठत जाणारा तो पांढरा ढीग पाहत असे आणि काही बोलत नसे, कारण अमरावतीच्या ज्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षे औषधी वनस्पतींचा विषय शिकवला, तिथे दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांकडून मी नेमक्या याच ढिगातून एक पदार्थ वेगळा काढून घेत असे.

तो प्रयोग मला अजून पाठ आहे. वाळवून भरडलेली संत्र्याची साल सॉक्सलेट उपकरणात भरायची, आधी पेट्रोलियम ईथरने तिच्यातले तेल काढून टाकायचे आणि नंतर मिथेनॉलने अर्क उतरवायचा. मिथेनॉल उडून गेले की तळाशी काकवीसारखा चिकट गोळा उरतो. त्यात सौम्य ॲसिटिक आम्ल घालून चंचुपात्र रात्रभर झाकून ठेवले, की दुसऱ्या दिवशी मळकट पांढऱ्या, सुईच्या आकाराच्या बारीक स्फटिकांचा थर तळाशी बसलेला दिसतो. हे हेस्पेरिडिन. त्याच्या द्रावणात मॅग्नेशियमचा तुकडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, की गुलाबी-जांभळा रंग फुलतो आणि मागच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे येऊन पाहतात. इतक्या खटपटीने मिळालेली ही पूड वासाला काही नाही आणि चवीलाही काही नाही, याची दरवर्षी कुणाला तरी निराशा वाटे.

निवृत्तीनंतर हा विषय पुन्हा समोर आला तो माझ्याच रक्ताच्या अहवालामुळे. एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १६४ मिलिग्रॅम आणि रक्तदाब १३६/८६ पाहून डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी सुरू करण्याचा सल्ला दिला. ही बातमी बहिणीकडे पोहोचल्यावर संध्याकाळच्या आत काटोलहून भाऊजींचा मोबाइलवर लांबलचक निरोप आला. संत्र्याच्या सालीतल्या फ्लेव्होनॉइडांनी (हेस्पेरिडिन ज्या गटातले, त्या वनस्पतिजन्य पदार्थांनी) कोलेस्टेरॉल वितळते, रक्तवाहिन्या स्वच्छ होतात, तेव्हा गोळी घेऊ नका, सालीचा काढा घ्या, असा त्याचा सारांश होता. खाली एक ओळ त्यांची स्वतःची होती: "तुम्ही तर हेच शिकवत होता ना?" शिकवत होते हे खरे, पण मी पदार्थ सालीतून बाहेर कसा काढायचा ते शिकवत होते, तो माणसाच्या शरीरात गेल्यावर काय करतो ते फारसे नाही. म्हणून त्या आठवड्यात मी गोळीची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि वाचायला बसले.

हेस्पेरिडिनचा शोध जुना आहे. लेब्रेतों या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये सालीच्या आतल्या पांढऱ्या, स्पंजासारख्या थरातून तो वेगळा केला. रक्तवाहिन्यांशी त्याचे नाते जुळले ते मात्र शंभरेक वर्षांनी, हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठात. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी ज्यांना १९३७ चे नोबेल मिळाले, त्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना असे दिसले, की ज्या रुग्णांच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक होऊन त्वचेखाली रक्त झिरपते, त्यांना शुद्ध क जीवनसत्त्वाने जो गुण येत नाही तो लिंबाच्या अशुद्ध अर्काने येतो. त्या अर्कात आणखी काहीतरी असले पाहिजे, असा तर्क करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये त्याला 'पी जीवनसत्त्व' असे नाव दिले. त्यातला 'पी' रक्तवाहिन्यांच्या भिंतींच्या झिरपण्याशी, पारगम्यतेशी जोडलेला होता. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम खात्रीने पुन्हा दाखवता येईना, शिवाय हा पदार्थ न मिळाल्याने होणारा ठरावीक आजारही सापडेना, आणि १९५० च्या सुमारास ते नाव शास्त्रीय यादीतून मागे घेण्यात आले. असे असले तरी फ्लेव्होनॉइडांचा संबंध रक्तवाहिनीच्या भिंतीशी आहे, ही त्यांची पहिली खूण चुकीच्या दिशेची नव्हती, असे मला सगळे वाचून झाल्यावर वाटते. चुकीच्या दिशेला आपण गेलो ते नंतर, कोलेस्टेरॉलच्या मागे लागून.

थोडे रसायन इथे सांगणे भाग आहे. लिंबूवर्गीय फळांतली फ्लेव्होनॉइडे मुख्यतः दोन घराण्यांची. संत्रे, मोसंबी आणि लिंबू यांत हेस्पेरिडिनाचे राज्य आहे, तर ग्रेपफ्रूटमध्ये नॅरिंजिनाचे. दोन्ही रेणूंवर ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज याच दोन शर्करांची जोडी बसलेली असते. फक्त हेस्पेरिडिनात ऱ्हॅम्नोज ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनला जोडलेले असते आणि नॅरिंजिनात दुसऱ्या कार्बनला. एवढ्याशा फरकाने एक पदार्थ बेचव होतो आणि दुसरा कडूजहर. याशिवाय सालीच्या रंगीत भागात नोबिलेटिन आणि टँजेरेटिन हे चरबीत विरघळणारे वेगळे फ्लेव्होनॉइड असतात, पण ते रसात नगण्य उतरतात. (गाडीवरचा मोसंबीचा रस घरी आणेपर्यंत कडू होतो तो मात्र यांच्यामुळे नव्हे. ते काम लिमोनिन नावाच्या निराळ्याच पदार्थाचे; बिया आणि पापुद्रे चिरडल्यावर तो रसात हळूहळू तयार होत जातो.)

कोलेस्टेरॉलची बाजू आधी घेते, कारण भाऊजींचा दावा तोच होता. प्रयोगशाळेत हा दावा भक्कम दिसतो, हे मान्य केले पाहिजे. यकृताच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांना नॅरिंजेनिन दिले, म्हणजे शर्करा काढून टाकलेले नॅरिंजिन दिले, तर त्या पेशी एलडीएलचा सांगाडा असणारे 'अपो-बी' हे प्रथिन कमी प्रमाणात बाहेर सोडतात. कॅनडातल्या लंडन या शहरातील संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढावे अशी जनुकीय रचना असलेल्या उंदरांना चरबीयुक्त खाद्याबरोबर नॅरिंजेनिन दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातली चरबी उतरली, यकृतात चरबी साठणे थांबले, वजनही वाढले नाही. पण त्या अभ्यासातले प्रमाण पाहून मी थबकले: खाद्याच्या वजनाच्या १ आणि ३ टक्के. माणूस दिवसाला साधारण अर्धा किलो कोरडे अन्न खातो असे धरले, तर १ टक्का म्हणजे ५ ग्रॅम. अर्धा लिटर संत्र्याच्या रसात जवळपास ३०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असते. दोन्ही पदार्थ सारखे नाहीत आणि उंदराचा हिशेब माणसाला असा सरळ लावता येत नाही, तरी मापाची कल्पना यावी म्हणून सांगते, की तेवढे फ्लेव्होनॉइड रसातून मिळवायचे तर दिवसाला आठ लिटर रस प्यावा लागेल.

माणसांवरचे अभ्यास एकमेकांशी पटणारे नाहीत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलेस्टेरॉल वाढलेल्या २५ जणांना चार-चार आठवडे रोज २५०, मग ५०० आणि मग ७५० मिलिलिटर संत्र्याचा रस दिला गेला. शेवटच्या मात्रेवर त्यांचे एचडीएल, म्हणजे ज्याला लोक चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते, २१ टक्क्यांनी वाढले. हाच आकडा आजही फिरत असतो. त्याच मात्रेवर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, ३० टक्क्यांनी वाढले, हे मात्र पुढे पाठवल्या जाणाऱ्या निरोपांतून गळून पडते. एवढ्या रसातली साखर कुठे जाणार? कोरियातल्या २००३ च्या एका छोट्या अभ्यासात रोज ४०० मिलिग्रॅम नॅरिंजिन आठ आठवडे दिल्यावर कोलेस्टेरॉल वाढलेल्यांचे एलडीएल १७ टक्क्यांनी घटले होते आणि त्यामुळे बऱ्याच आशा निर्माण झाल्या होत्या.

त्या आशांना उत्तर मिळाले ते २०१० मध्ये. युनिलिव्हर कंपनीच्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल मध्यम प्रमाणात वाढलेल्या सुमारे दोनशे स्त्री-पुरुषांना कॅप्सूलमधून रोज ८०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन किंवा ५०० मिलिग्रॅम नॅरिंजिन किंवा नुसती निष्क्रिय पूड चार आठवडे दिली. कुणाला काय मिळते आहे हे ना घेणाऱ्याला ठाऊक होते ना मोजणाऱ्याला. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड यांपैकी कशातही फरक पडला नाही. हा निष्कर्ष मला अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि त्याचे कारण फक्त माणसांची संख्या मोठी होती एवढेच नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारे खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीला हा पदार्थ उपयोगी ठरला असता तर हवाच होता. तिच्याच माणसांनी 'परिणाम नाही' असे छापून टाकले, याचे वजन वेगळे असते.

तुलनेसाठी स्टॅटिनकडे पाहा. जपानच्या अकिरा एन्दो यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात पहिले स्टॅटिन शोधले ते 'पेनिसिलियम सिट्रिनम' नावाच्या बुरशीतून. त्या नावातले लिंबू फक्त बुरशीच्या पिवळ्या रंगापुरते आहे, पण वनस्पती शिकवणाऱ्या माझ्यासारखीला अशा योगायोगांची गंमत वाटते. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या प्रसिद्ध चाचणीत हृदयरोग असलेल्या ४,४४४ जणांपैकी ज्यांना सिम्व्हास्टॅटिन मिळाले त्यांचे एलडीएल सुमारे ३५ टक्क्यांनी उतरले आणि पाचेक वर्षांत त्यांच्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. 'साल की गोळी' हा प्रश्न माझ्यापुरता इथेच मिटला.

मग पेशींत आणि उंदरांत जे दिसते ते माणसात का दिसत नाही? याचे मोठे कारण आतड्यात आहे. हेस्पेरिडिनावर बसलेली शर्करांची जोडी तोडणारे एन्झाइम आपल्या लहान आतड्याजवळ नाही, त्यामुळे तो पदार्थ जसाच्या तसा मोठ्या आतड्यापर्यंत जातो. तिथले जिवाणू ती जोडी तोडतात, तेव्हा कुठे उरलेला हेस्पेरेटिन शोषला जातो, आणि रक्तात पोहोचेपर्यंत आतड्याने व यकृताने त्याला दुसरेच रेणू चिकटवून त्याचे रूप पालटलेले असते. २००६ च्या एका अभ्यासात हे फार सुरेख दाखवले होते: नेहमीचा संत्र्याचा रस प्यायल्यावर रक्तातली पातळी टोकाला जायला सुमारे ७ तास लागले, पण एन्झाइमाने ऱ्हॅम्नोज आधीच काढून टाकलेला रस दिला तेव्हा तीच पातळी पाऊण तासाच्या आत आली आणि शोषणही जास्त झाले. म्हणजे सकाळी खाल्लेल्या संत्र्याचा हिशेब दुपारी लागतो, आणि तो किती लागेल हे ज्याच्या-त्याच्या पोटातल्या जिवाणूंवर ठरते. एकच रस प्यायलेल्या दोन माणसांच्या रक्तातल्या पातळ्या म्हणूनच कितीतरी वेगळ्या निघतात. काचपात्रातल्या पेशीला मिळणारा शुद्ध रेणू आपल्या यकृताच्या वाट्याला त्या रूपात आणि त्या प्रमाणात येतच नाही.

आता रक्तवाहिन्यांकडे वळते, कारण माझ्या मते खरा विषय तिथे आहे.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. हे अस्तर म्हणजे रक्त गळू नये म्हणून लावलेला लेप, अशीच समजूत फार काळ होती. १९८० मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, पट्ट्यांवर केलेल्या प्रयोगातून दाखवून दिले, की ॲसिटिलकोलिन हे रसायन दिल्यावर शाबूत अस्तराची पट्टी सैलावते, आणि हाताळताना आतून घासली जाऊन जिचे अस्तर निघून गेले आहे ती पट्टी सैलावत नाही. म्हणजे रक्तवाहिनीने सैल व्हावे की आवळून राहावे, हा निरोप अस्तर देते. तो निरोप पोहोचवणारा रेणू नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, हे पुढे स्पष्ट झाले आणि फर्चगॉट यांच्यासह तिघांना १९९८ चे नोबेल मिळाले. हे अस्तर मरगळले की रक्तदाब चढतो, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू लागतात आणि एलडीएल भिंतीत शिरून बसायला वाव मिळतो. रक्तातले कोलेस्टेरॉल तेवढेच राहूनही भिंतीची स्थिती सुधारू शकते किंवा बिघडू शकते, ही गोष्ट अहवालातल्या आकड्यांकडेच पाहणाऱ्या आपल्या सवयीत बसत नाही.

अस्तराची तपासणी दंडाच्या रोहिणीवर, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीवर करतात. हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटे रक्त अडवून धरायचे आणि मग पट्टा एकदम सोडायचा. रक्त लोंढ्याने येते, त्याच्या घर्षणाने अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि रोहिणी रुंदावते. ती किती टक्के रुंदावली हे सोनोग्राफीवर मोजतात. इटलीतल्या २०११ च्या एका अभ्यासात चयापचयाचे विकार एकवटलेल्या २४ जणांना तीन आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन दिले, तेव्हा हे रुंदावणे निष्क्रिय गोळीच्या तुलनेत वाढलेले दिसले. त्याच संशोधकांनी अस्तराच्या पेशींना हेस्पेरेटिन देऊन पाहिले, तर नायट्रिक ऑक्साइड बनवणारे एन्झाइम अधिक जागे झाले होते.

मला सर्वांत आवडलेला अभ्यास फ्रान्समधला, तोही २०११ चा. पन्नाशी उलटलेल्या, वजन थोडे जास्त पण प्रकृती ठीक असलेल्या २४ पुरुषांना चार-चार आठवड्यांच्या तीन फेऱ्यांतून जावे लागले. एका फेरीत रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस होता. दुसऱ्या फेरीत तितकीच ऊर्जा देणारे साधे पेय आणि सोबत २९२ मिलिग्रॅम हेस्पेरिडिनची कॅप्सूल होती, जेवढे हेस्पेरिडिन त्या अर्ध्या लिटर रसात होते तेवढेच. तिसऱ्या फेरीत तेच पेय आणि रिकामी कॅप्सूल. ही मांडणी मला फार नेटकी वाटते, कारण रसामुळे काही फरक पडलाच, तर तो क जीवनसत्त्वाचा की पोटॅशियमचा की हेस्पेरिडिनचा, या नेहमीच्या वादाला ती जागाच ठेवत नाही. रसाच्या आणि हेस्पेरिडिनच्या, अशा दोन्ही फेऱ्यांत खालचा रक्तदाब रिकाम्या कॅप्सूलच्या फेरीपेक्षा कमी आढळला. त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रतिसादही दोन्हींत सुधारला, पण पेय घेतल्यानंतर काही तासांनी, हेस्पेरेटिन रक्तात टोकाला पोहोचलेले असताना. जिवाणूंनी लावलेला उशीर इथे घड्याळावर दिसतो. स्पेनमध्ये दहा वर्षांनी १५९ जणांवर बारा आठवडे झालेल्या चाचणीत रक्तदाब किंचित वाढलेल्यांचा वरचा दाब संत्र्याच्या रसाने घटला आणि हेस्पेरिडिन वाढवलेल्या रसाने आणखी घटला.

यावरून फार उड्या मारू नयेत. हे अभ्यास छोटे आणि आठवड्यांत मोजण्यासारखे आहेत, या क्षेत्रातल्या पुष्कळ संशोधनाला रस विकणाऱ्यांचा पैसा लागतो, आणि वेगवेगळे अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीत हेस्पेरिडिनचा परिणाम कधी दिसतो, कधी पुसला जातो. दीर्घकाळाचा पुरावा आहे तो निरीक्षणाचा. अमेरिकेतल्या ६९,६२२ परिचारिकांच्या आहाराची १४ वर्षांची नोंद २०१२ मध्ये तपासली गेली, तेव्हा लिंबूवर्गीय फ्लेव्होनॉइडे सर्वाधिक घेणाऱ्या गटात रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळला. रोज फळे खाणाऱ्या बायका आणखीही पुष्कळ गोष्टी नीट करत असतात, आणि आकडेमोडीत त्या सगळ्या वजा करता येत नाहीत.

एक उपयोग मात्र रोजच्या व्यवहारात रुजलेला आहे आणि त्यातल्या संत्र्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. मूळव्याधीसाठी किंवा पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी ज्या गोळ्या लिहून दिल्या जातात, त्यांतल्या एका प्रकाराच्या वेष्टनावर 'डायॉसमिन ४५० मिलिग्रॅम, हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅम' असे छापलेले असते. यातले डायॉसमिन बहुधा हेस्पेरिडिनपासूनच तयार करतात, आणि ते शोषले जावे म्हणून त्याची पूड अतिशय बारीक दळलेली असते. हा उपचार नीलांचा, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांचा. हृदयाच्या रोहिण्यांशी त्याचा संबंध जोडू नये. पण सेंट-ग्यॉर्गी ज्या झिरपण्याच्या मागे होते, त्याचा हा सरळ वंशज आहे.

बर्गमॉट या फळाचे प्रकरण वेगळे आहे. इटलीच्या अगदी टोकाला, कॅलाब्रियातल्या रेजिओच्या किनारपट्टीवर हे आंबट फळ पिकते. त्याच्या सालीचे तेल अत्तरात आणि अर्ल ग्रे चहात घालतात. कॅलाब्रिया विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना २००९ मध्ये त्यात ब्रुटिएरिडिन आणि मेलिटिडिन असे दोन फ्लेव्होनॉइड सापडले, ज्यांच्या अंगावर स्टॅटिन ज्या एन्झाइमाला अडवते त्याच्याच कच्च्या मालासारखा एक तुकडा लटकलेला आहे. त्यानंतर इटलीतल्याच २३७ जणांवरच्या महिनाभराच्या चाचणीत बर्गमॉटच्या अर्काने कोलेस्टेरॉल चांगले उतरल्याचे जाहीर झाले, आणि बघता बघता त्याच्या कॅप्सूल जगभर विकल्या जाऊ लागल्या. एका महिन्याच्या आकड्यांवर मी माझी गोळी सोडणार नाही. पण संत्र्याला बर्गमॉटचे गुण चिकटवू नयेत, एवढे तरी विकणाऱ्यांनी पाळावे.

भाऊजींच्या निरोपात जे नव्हते आणि असायला हवे होते, ते आता सांगते. १९८९ मध्ये कॅनडातले डेव्हिड बेली रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधाचा मद्याशी काही संबंध येतो का ते तपासत होते. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिले. रक्तातल्या औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली, आणि ती मद्य न घेतलेल्यांतही गेली, कारण रस सगळ्यांनीच घेतला होता. १९९१ मध्ये त्यांनी छापलेल्या अभ्यासात औषध ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतल्यास, पाण्याबरोबर घेतल्यावर जेवढे रक्तात पोहोचते त्याच्या सरासरी २८४ टक्के इतके पोहोचत होते. पहिला संशय नॅरिंजिनावर गेला, म्हणजे फ्लेव्होनॉइडावरच. तपासाअंती ते बऱ्याच अंशी निर्दोष सुटले आणि गुन्हेगार निघाली ती फ्युरॅनोकुमरिने, ज्यांतल्या एकाचे नाव बर्गमॉटिन आहे. आतड्याच्या भिंतीतले एक एन्झाइम औषधाचा बराच भाग आत शिरण्याआधीच मोडून टाकत असते. फ्युरॅनोकुमरिने त्या एन्झाइमाला कायमचे निकामी करतात. नवे एन्झाइम बनेपर्यंत एक दिवसाहून अधिक काळ जातो, म्हणून 'रस सकाळी, गोळी रात्री' ही युक्ती इथे चालत नाही. एका अभ्यासात दुप्पट घट्ट केलेला ग्रेपफ्रूटचा रस दिवसातून तीनदा दिल्यावर सिम्व्हास्टॅटिनचे रक्तातले एकूण प्रमाण १६ पट झाले होते. मात्रा इतकी वाढली की स्नायू दुखण्यापासून ते स्नायू विरघळून मूत्रपिंड बिघडण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातो, असे म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण ग्रेपफ्रूट हे ज्या फळाचे अपत्य आहे ते पपनस भाद्रपदात आपल्या बाजारात असतेच, आणि गणपतीच्या दिवसांत गोव्या-कोकणातल्या घरांत हमखास येते. पपनसातही फ्युरॅनोकुमरिने असतात. प्रत्यारोपणानंतर घेतल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी पपनसाच्या रसाने वाढल्याचे २००६ मध्ये नोंदले गेले आहे. सिम्व्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटॉर्व्हास्टॅटिन याच एन्झाइमाच्या वाटेने जातात; रोसुव्हास्टॅटिन आणि प्रॅव्हास्टॅटिन त्या वाटेला फारसे जात नाहीत. नेहमीचे गोड संत्रे आणि मोसंबी यांची ही अडचण नाही. आपली गोळी कोणती आणि आपल्या ताटात काय येते, हे दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घालावे. मी घातले, तेव्हा त्यांनी चिठ्ठीवर रोसुव्हास्टॅटिन लिहिले.

सालीचा काढा मी केला नाही. बाजारातल्या संत्र्याच्या सालीवर फवारणीचे काय काय बसले असेल याची मला धास्ती वाटते, आणि हेस्पेरिडिन पाण्यात इतके कमी विरघळते की काढ्यात उतरणार तरी किती? रसही घेत नाही, कारण अर्ध्या लिटर रसातून ४०-४५ ग्रॅम साखर पोटात जाते. हंगामात रोज दोन संत्री खाते, गोळी रात्री घेते. फोडीच्या पापुद्र्यात आणि शिरांत रसापेक्षा अधिक हेस्पेरिडिन असते, शिवाय पेक्टिन हा विरघळणारा तंतूही असतो. पेक्टिन पित्तक्षारांना धरून ठेवते आणि पुरेशा प्रमाणात गेले तर कोलेस्टेरॉल थोडे उतरवते. त्यासाठी दिवसाला ६ ग्रॅमच्या आसपास लागते आणि दोन संत्र्यांत तेवढे नसावे, हे मला ठाऊक आहे.

तीन महिन्यांनी एलडीएल ९१ आले. भाऊजींनी ते श्रेय त्यांच्याच बागेतल्या संत्र्यांना देऊन टाकले आणि आणखी एक पेटी पाठवली. मी ते गोळीच्या खात्यावर मांडले आहे. रक्तदाब १२८/८० आहे, पण मी याच काळात मीठही कमी केले आणि सकाळी फिरायलाही लागले, त्यामुळे त्यातले संत्र्याच्या शिरांच्या नावावर किती टाकायचे ते मला ठरवता येत नाही. अस्तराची ती दंडावरची तपासणी आमच्या गल्लीतल्या पॅथॉलॉजीत होत नाही. नात मात्र अजून पणजीच्या पद्धतीची लख्ख फोड मागते. मी तिला ती सोलून देते आणि वर्तमानपत्रावरच्या शिरा उचलून माझ्या फोडीबरोबर खाते.